काटा हलला

दरवाजांचे सांधे पुन्हा उघडे पडले, तेव्हा दामोदर मेस्त्रींचा संशय धाकट्या भावावरच गेला. "मी जेवायला गेलो की तू करवतीचं सेटिंग हलवतोस!"

गुरुनाथने बंद करवतीच्या पात्याला नवा डायल गेज, केसभर फरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, टेकवला.

"लाकडाला कशाला एवढी मोजमापं? पावसाळ्यात ते फुगणारच."

"पातं तिरकं असेल तर काटा हलेल, दादा. तूच बघ."

गुरुनाथने गेज पात्यालगत सावकाश सरकवला. दामोदर डायलवर वाकले, आणखी वाकले.

"हलला! बघ, केवढा हलला!"

काटा शून्यावरच होता.

"मशीन सरळ आहे, दादा," गुरुनाथ हळूच म्हणाला. "लाकडावरच्या तुझ्या खुणा चुकतायत."

दामोदर बराच वेळ डोळे चोळत राहिले. "तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

"वहिनीनंच आणायला लावला हा गेज."