मागची जागा

बाराव्या दिवशी जीप लाकडी ठोकळ्यांवरून खाली उतरली. शेजारचा लिंबाजी, पोस्टातून रिटायर झालेला, मागच्या फळीवर चढला आणि त्यानं दोनदा उड्या मारल्या. जीपची मागची बाजू अलगद दबली, तशीच अलगद वर आली. आवाज म्हणून नाही.

"करीमभाई, पाळणाच केला की हो जीपचा," लिंबाजी म्हणाला. "भाभी, नशीब काढलं तुम्ही. बायकोच्या कमरेसाठी येवढं कोण करतंय?"

हाजराबी दारात बसून लेकीचा, जिक्राचा, डबा फडक्यात बांधत होती. तिनं गाठ अशी आवळली की फडक्याचा कोपरा टरकला. बायकोच्या कमरेसाठी म्हणे. वा रे वा.

भूकंपात माळवदाच्या छताचं लाकूड तिच्या कमरेवर पडलं, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती याच जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसून लातूरला जात आली, कारण पुढं गडी माणसं. गाडी चालवायला थोरला मुज्तबा, शेजारी त्याचा बाप करीम, त्याच्या कडेला लिंबाजी. मागं ही, डिझेलचे रिकामे डबे आणि खाली स्प्रिंगांचे कडक लोखंडी पाटे. खड्डा आला की हिच्या तोंडून किंकाळी निघायची, आणि करीम मान न वळवता म्हणायचा, "रस्ताच तसा हाय. घट्ट धरून बस."

मागच्या महिन्यात डॉक्टरनं सांगितलं, हे धक्के बंद करा, नाहीतर पाय जातील. धाकटी जिक्रा लातुरात खोली घेऊन डॉक्टरकीच्या क्लासला राहिलेली, परीक्षा तोंडावर. आईला ती इतवारी काय दिसायची तेवढीच. हाजराबीनं हे सगळं करीमच्या कानावर घातलं. जेवता जेवता तो म्हणाला, "मग नको येऊ तू. डबा मुज्तबा देऊन येईल." झालं, विषय मिटला. पाठोपाठ चार इतवार ती घरात बसली, आणि करीमनं ताटातून मान वर केली नाही.

मग करीमच्या पोटात मुतखडा उठला. आडवं झोपवून न्यावं लागलं, म्हणजे मागंच. चाकूर ते लातूर हा भला माणूस ओरडत गेला. परत आला आणि तिसऱ्या दिवशी जीप अंगणात ठोकळ्यांवर चढली. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट कापले, मागचे पाटे काढून भिंतीला टेकवले. भंगारातल्या मोटारीच्या गोल स्प्रिंगा आल्या, त्यांना बसायला वाट्या वेल्डिंग झाल्या. पाटे गेले की चाकं जोडणाऱ्या अॅक्सलला जागेवर धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून दोन लांब दांडे आणि एक आडवा. वेल्डिंग चालू असताना त्या दांड्यांचं दुसरं टोक कोण धरून बसलं होतं? हाजराबी, त्याच मोडक्या कमरेनं. इतवारी पोरगी दिसेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आता डबा घेऊन ती जीपपाशी आली, तर मागचं बाकडं काढून तिथं गादी अंथरलेली. गादीवर करीम तक्क्याला टेकलेला. लिंबाजीचा नातूही त्याच क्लासला, त्यामुळं लिंबाजीही निघालेला. चपला काढून पाय वर घेत होता.

"भाभी, तुम्ही पुढं बसा," लिंबाजी म्हणाला. "पुढं हवा लागती."

हाजराबीनं वाकून पुढच्या चाकामागं बघितलं. पुढचे पाटे होते तसेच होते.

"जिक्राचे अब्बा, उतरा."

"हाजरा, माझा खडा..."

"खडा पडला तुमचा. बाटलीत घालून गल्लीभर दाखवत फिरलात. माझा मणका कुणाला दाखवू मी? अकरा वर्षं सांगून राहिले, तुमच्या कानात शिरलं न्हाई. एका फेरीत तुमच्या पोटात शिरलं. आन् आता मऊ झालं तर जागा तुमची?"

करीमनं लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजी चपला शोधायला लागला.

हाजराबीनं जिक्राचा डबा जीपच्या पुढच्या चाकापुढं जमिनीवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन तिथंच उभी राहिली. "मी मागं बसणार, न्हाईतर ही गाडी अंगणातून जाणार न्हाई. घाला चाक लेकीच्या डब्यावर."

मुज्तबानं इंजिन बंद केलं. "अब्बा, उतरा की," तो खाली मान घालून म्हणाला.

करीम कण्हत पुढं जाऊन बसला. लिंबाजी आधीच जाऊन दाराच्या कडेला चिकटला होता. हाजराबी गादीवर आडवी झाली, डबा उशाशी घेतला.

गावाबाहेर फुटका पूल लागला. मागची बाजू दबली आणि उठली, तेवढंच. पुढं धाडकन आदळलं. करीमचं डोकं वरच्या पाइपाला लागलं, त्यानं दोन्ही हातांनी कंबर धरली.

"या अल्ला," तो म्हणाला. "मुज्तबा, पुढचे पाटे उद्याच काढू."

उद्याच. हाजराबीनं डब्याखाली हात घालून बघितला. फडकं कोरडं होतं, वरण सांडलं नव्हतं. तिनं मान वळवली नाही.

"रस्ताच तसा हाय," ती म्हणाली. "घट्ट धरून बसा."