मृण्मयीचं पहिलं फूल

चंद्रावरच्या वसाहतीत हेरंबने हौसेने पृथ्वीवरून ऑर्किड मागवलं आणि लाडाने रोज पाणी घातलं. तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणात कुंडीतलं पाणी निथळेना. मुळं कुजू लागली.

त्याची बायको मृण्मयी चंद्रावरच जन्मलेली. वसाहतीची हवा शुद्ध ठेवणं हे तिचं काम. झाड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"अरे, गुदमरतंय ते," ती म्हणाली. तिने रोप कुंडीतून काढलं, कुजकी मुळं कापली आणि ते हवेच्या झरोक्यापाशी टांगलं. मुळं सुकून पांढरी पडली, तरच ती पाणी शिंपडायची.

एका सकाळी जांभळं फूल उमललं. मृण्मयी बघतच राहिली.

"हे कुणी बनवलं?"

"कुणीच नाही. आपणहून आलं."

तिने धावत जाऊन दार उघडलं.

"अहो, या सगळे! लवकर या!"