हरणाऱ्याचे पेढे

मतमोजणीच्या दिवशी वाळंजू हलवाई दोन्ही उमेदवारांचे पेढे तयार ठेवी. हरणारा ऑर्डर रद्द करी आणि त्याचे पेढे संध्याकाळी गल्लीत अर्ध्या भावाने जात.

यंदा खाडी बुजवून बंदर बांधणाऱ्या कंपनीविरुद्ध लढलेल्या शालनताई जिंकल्या. वाळंजूने त्यांच्यासाठी दारोदार मतं मागितली होती. खाडी वाचली, या आनंदात तो पेढे भरत असतानाच कंपनीचा मॅनेजर दुकानात आला.

"तुमच्या उमेदवाराचे रद्द ना, साहेब?" वाळंजूने मुद्दाम विचारलं.

"छे हो! दोन्हीकडे पाठवा. दोन्ही ऑर्डरी आमच्याच आहेत."

ताई हे पेढे कंपनीच्या तोंडावर फेकतील, या खात्रीने वाळंजू स्वतःच खोके घेऊन गेला. मॅनेजरची गाडी त्याच्याआधीच दारात उभी होती.

"बंदराचं बघू हो नंतर," म्हणत ताईंनी वाळंजूचं तोंड त्याच्याच पेढ्याने गोड केलं.

तो परतला, तेव्हा गल्ली दुकानापाशी जमली होती.

"शेठ, हरणाऱ्याचे पेढे काढा की!"

वाळंजूने रिकामी परात पालथी घातली.

"नाहीत. या वेळी त्यांच्यातलं कुणीच हरलं नाही."