फ्यूजची तार

"व्हायोलेट, इकडे ये. फ्यूज बांधायला शिकून घे," हर्बर्टनं बायकोला हाक मारली.

मरोळ गावठाणातल्या त्या घरात चाळीस वर्षं फ्यूज हर्बर्टच बांधत आला होता. आज तर लाईटही गेली नव्हती. तरी त्यानं मेन स्विच बंद केला, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि टेबलावर ठेवला.

सकाळी डॉक्टर तपासून गेले होते. छाती साफ, प्रेशर ठीक, साखर नाही. फाटकापाशी ते व्हायोलेटला हळूच म्हणाले, "बाई, यांचं जगण्यावरून मन उठलंय. या वयात तेवढंही पुरतं माणूस जायला. सोमवारी मनाच्या डॉक्टरांकडे न्याच. तोवर एकटं सोडू नका."

हर्बर्टचा थोरला भाऊ रोझारिओ असाच गेला होता. आधी जेवण सुटलं, मग चर्चमध्ये मिसाला जाणं, मग बोलणं. आजार काही सापडला नाही. शेवटच्या आठवड्यात त्यानं बायकोला घराचे कागद कुठे आहेत ते नीट समजावून सांगितलं होतं.

"या स्क्रूला दोन वेढे, मग त्या स्क्रूला," हर्बर्ट सांगत होता. महिन्याभरात तो एवढं सलग बोलला नव्हता. आवाज अगदी शांत. त्या शांतपणानंच व्हायोलेटला रोझारिओ आठवला.

"मला कशाला शिकवतोस? तू आहेस ना."

त्यानं तार तिच्या हातात दिली.

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई ती. सुईत दोरा न बघता ओवायची. तिनं एक वेढा घातला. दुसऱ्याला बोटं थबकली. मग तिनं तार मुद्दाम जोरात ओढली. तुटली.

"नाही जमत मला."

"परत कर."

दुसरीही तुटली. तिसरी बसली, पण स्क्रू तिनं सैलच ठेवला. हर्बर्ट तिच्या बोटांकडे बघत राहिला, मग तोंडाकडे. तिनं मान वर केली नाही.

"एवढं सोपं काम, गं."

"नाही येत. उद्या परत दाखव."

पंखा बंद, घरात उकडत होतं. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. शेवटी त्यानं फ्यूज पुढ्यात ओढला आणि सैल स्क्रू पिळत म्हणाला,

"बरं, उद्या. आज तुझे हात कापतायत."