धुळीची रांग

"मारिमुत्तू! धुळीच्या रांगेतले मारिमुत्तू!"

म्हातारा उठला. मास्क नाकावर नीट ओढून त्याने कार्ड पुढे केलं. कार्डावरचा फोटो पाच वर्षांपूर्वीचा, नळ्या लावलेला होता. नव्याने आलेल्या डॉक्टर याळिनीने फक्त नंबर उतरवून घेतला.

"आज रक्तबिक्त काही नाही, अय्या. फक्त चालायचं."

भिंतीवर तक्ता होता. फुप्फुसं बदललेल्यांच्या चार रांगा, जुन्या आजारानुसार लावलेल्या: विडी-सिगारेटचा धूर, आपोआप आक्रसलेली फुप्फुसं, जन्मापासूनचा दोष आणि दगडाची धूळ. शेवटच्या रांगेतल्या आठ नावांपैकी सातांवर रेघ होती.

"डॉक्टरम्मा, धुळीने भरलेली फुप्फुसं तुम्हीच काढून फेकलीत ना? मग माणूस अजून त्याच रांगेत कसा?"

"तुलना करावी लागते. कुठल्या आजाराची माणसं किती टिकतात ते." तिने आवाज खाली आणला. "समितीला आज उत्तर हवंय. पाच वर्षांनी धुळीचा एकही माणूस धड चालत नसेल, तर नव्या फुप्फुसांच्या यादीत खाणकामगारांची नवी नावं लावायची नाहीत."

"धड म्हणजे किती?"

"सहा मिनिटांत चारशे मीटर."

"बाहेर आमच्या खाणीतला इसक्की बसलाय. बत्तीस वर्षांचा, ऑक्सिजन लावून. त्याला काय सांगू? आधीचे सात गेले, म्हणून तूही जा?"

डॉक्टरने घड्याळ काढायला खण उघडला.

शेजारच्या खुर्चीत धुराच्या रांगेतला संपत बसला होता. निवृत्त बस कंडक्टर. दोघं पहिल्यांदाच भेटत होते.

"अण्णा, तोंडाने जिंकाल हो, पण चालायचंय पायांनी. माझे तीनशे ऐंशी झाले."

"तुम्ही हौसेने जाळलीत, आमची पोटासाठी गेली. तेवढा फरक दिसायला नको?"

संपत हसला. "नवी फुप्फुसं टिकवायच्या गोळ्यांनी माझ्या हातातली कॉफी डचमळते बघा. तुमचे हात तर खांबासारखे!"

"घण मारलेले हात आहेत."

लांब बोळात दोन टोकांना दोन खुणा ठेवल्या होत्या. डॉक्टरने घड्याळ दाबलं आणि म्हातारा निघाला. तिसऱ्या मिनिटाला घाम फुटला, चौथ्याला पोटऱ्या दुखायला लागल्या. तो थांबला नाही. प्रत्येक वळणावर तक्त्याकडे मान वर करून बघत होता, भांडण उकरून काढणाऱ्यासारखा.

"चला, पुढे चला! पुढे जागा आहे!" संपत आपल्या जुन्या आवाजात ओरडला. दुसऱ्याच रांगेचा असून तो आता उभा राहिला होता.

पाचशे चाळीस मीटर.

डॉक्टरने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "अठ्ठ्याण्णव! इतकं कुठल्याच रांगेत नाही." तिने आकडा लिहिला, समितीला फोन केला. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवा तुमच्या इसक्कीला. नाव लावू या."

कडुलिंबाखाली इसक्की सिलिंडरला टेकून बसला होता.

"नाव लागलं. जा आत."

इसक्कीने त्याचा हात घट्ट धरला. "तुम्ही नाही थांबत, पेरियप्पा?"

"पाचची बस गाठायचीय." म्हाताऱ्याने मास्क काढून खिशात कोंबला. "मारिमुत्तूला जाऊन उद्या सोळा दिवस होतात. विधीला थोरला भाऊच नसेल तर कसं चालेल?"