डिस्चार्ज

विसरण्याच्या आजारात आई सख्ख्या लेकीलाही ओळखेनाशी झाली होती. त्यात संध्याकाळ झाली की शिव्या, आदळआपट, आणि डॉक्टरांनी दिलेली शांत राहायची गोळी थेट खिडकीबाहेर! भल्याभल्यांनी हात टेकले. पण लेक शेराला सव्वाशेर निघाली.

आई जन्मभर लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. एखादं पोर अडून बसलं की आधी स्वतः पेपरमिंट गिळायची, "बघ, मी घेतली. आता तू." लेकीने तेच हेरलं. संध्याकाळी ती स्वतःच पांघरूण घेऊन पलंगावर पडायची आणि तोंड फुगवायची, "सिस्टर, मी नाही घेणार गोळी!" टेबलावरच्या ट्रेमध्ये दोन वाट्या, गोळी आईच्या वाटीत, पेपरमिंट लेकीच्या. आईचा राग कुठल्या कुठे पळायचा. बाह्या सरसावून ती आपली गोळी गिळून दाखवायची, लेकीला पेपरमिंट भरवायची, वर जीभ बाहेर काढायला लावून खात्री करून घ्यायची. जावई म्हणायचा, "आता नाटक कंपनीच काढा दोघी!"

पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश झाले. "छान शांत आहेत. गोळी बंद करून बघू."

त्या संध्याकाळी लेकीने ट्रे मांडलाच नाही. दमून नुसती आडवी झाली. आई आली, रिकामं टेबल पाहिलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"औषध बंद केलं? म्हणजे बरी झालीस की तू!" आई हसली. "ऊठ, घरी जा आता. तुझी आई वाट बघत असेल."