चारला निघून आठला

जेवणाचा ट्रे तिसऱ्यांदा परत गेला, तेव्हा मुकुंदराव कातावले. “अगं, फळं तरी खा! विमानात कुणी संकष्टी धरतं का?”

“मला काय स्वप्न पडलं होतं?” शालनताई फणकारल्या. “दुपारी चारला मुंबई, रात्री आठला सॅन फ्रान्सिस्को, असं तुम्हीच वाचून दाखवलंत. म्हटलं, चार तासांचा तर प्रवास. मुलाच्या अंगणात चंद्र बघून उपास सोडू. आता तेरावा तास चाललाय!”

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. विमानाची धास्ती घेतलेल्या बायकोपुढे त्यांनी तिकिटावरच्या वेळा तेवढ्या वाचल्या होत्या. तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागे असतं, हे सोयीनं गिळलं होतं.

विमानतळावर चार वर्षांनी भेटणारा मुलगा मोदकांचा डबा घेऊन उभा होता. “आई, इथला चंद्रोदय मात्र साडेदहाला हं.”

शालनताई नवऱ्याकडे वळल्या. “परतीच्या वेळा वाचा बघू.”

मुकुंदरावांनी निमूटपणे तिकीट काढलं. “सोमवारी रात्री नऊला निघायचं... बुधवारी पहाटे पोचायचं.”

“मग तुम्ही व्हा पुढं,” शालनताई म्हणाल्या आणि त्यांनी आपली बॅग मुलाच्या हातात दिली.